वाढदिवसाच्या शुभेच्छा, व्हॉट्सअॅप आणि फेसबुक : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गावाचा ग्रुप, भावकीचा ग्रुप, दहावीच्या बॅचचा ग्रुप, ऑफिसचा ग्रुप आणि वर फेसबुक. नांदेडपासून धाराशिवपर्यंत कोणाचाही मोबाइल उघडला तर एवढं असतंच, आणि रोज त्यात कोणाचा ना कोणाचा वाढदिवस असतो. शुभेच्छा देणारा चांगल्या मनानेच देतो, तरी माणसं दुखावतात. कुठे दुखावतात आणि ते कसं टाळायचं, ते खाली आहे.

१ जूनला फेसबुक एकदम पंधरा-वीस जणांचे वाढदिवस दाखवतं. सगळ्यांना शुभेच्छा द्यायच्या का?

आधी ती तारीख खरी आहे का ते बघा. शाळेत नाव घालताना जन्माची नोंद हाताशी नसली, की गुरुजी पहिलीला वय बसेल असं साल धरायचे आणि तारीख १ जून लिहायचे. शाळा जूनमध्ये भरायची, म्हणून जून. तीच तारीख टीसीवर गेली, टीसीवरून दहावीच्या प्रमाणपत्रावर, तिथून आधारवर आणि शेवटी फेसबुकवर. आज पन्नाशी-साठीत असलेल्या पिढीत अशी माणसं गल्लोगल्ली आहेत. त्यांचा खरा वाढदिवस आईच्या आठवणीत असतो, तोही 'पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी' किंवा 'बहात्तरच्या दुष्काळात, ज्वारी काढणीच्या वक्ताला' असा.

काहीजण १ जूनच्या शुभेच्छा आनंदाने घेतात, काहींना त्यात परकेपणा वाटतो. म्हणून जवळच्या माणसाला एकदाच विचारून घ्या : "काका, कागदावरचा सोडा, तुमचा खरा वाढदिवस कधी?" उत्तर मिळालं की मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये 'दरवर्षी' लावून नोंदवा. तिथी सांगितली असेल तर दर वर्षी तारीख बदलणार, तेव्हा नवीन दिनदर्शिका भिंतीवर लागली की त्याच दिवशी त्या वर्षाची तारीख बघून ठेवा. खऱ्या दिवशी आलेला एक फोन १ जूनच्या शंभर मेसेजांना भारी पडतो.

आणखी एक. महिन्याच्या पहिल्या तारखेला जन्म असलेला सरकारी कर्मचारी आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. म्हणजे ५८ पूर्ण करणारे १ जूनचे गुरुजी ३१ मे रोजीच सेवानिवृत्त झालेले असतात. त्यांना १ जूनला नुसतं 'हॅपी बर्थडे सर' पाठवलं तर आदल्या दिवशीचा निरोप समारंभ तुम्हाला माहीतच नव्हता असं होतं. दोन्हीचा उल्लेख एकाच मेसेजमध्ये करा.

माझी जन्मतारीख प्रोफाइलवर ठेवू का?

दिवस आणि महिना ठेवा, साल लपवा. फेसबुकवर दिवस-महिना आणि साल यांची गोपनीयता वेगवेगळी ठरवता येते. साल 'फक्त मी' वर टाका. कारण साधं आहे. डाउनलोड केलेल्या ई-आधारच्या पीडीएफचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्माचं साल. ई-पॅनची पीडीएफ पूर्ण जन्मतारखेने उघडते. बऱ्याच बँकांची स्टेटमेंटंही जन्मतारखेच्याच कुलपात असतात. 'पन्नासाव्या वाढदिवसाच्या शुभेच्छा' असा बॅनर नावासह सगळ्यांना दिसेल असा टाकला, की ही किल्ली तुम्हीच बाहेर टांगली. आकडा लिहायचाच असेल तर घरच्या ग्रुपमध्ये लिहा.

वाढदिवसाच्या दिवशी 'गिफ्ट'ची लिंक किंवा एपीके फाइल (मोबाइलवर अॅप बसवणारी फाइल) आली तर, ओळखीच्या नंबरवरून आली तरी, उघडू नका. आधी त्या माणसाला फोन करा. पैसे गेलेच तर उशीर न लावता १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर कळवा.

शुभेच्छा किती वाजता द्याव्यात?

रात्री बाराला फक्त जिवलग मित्र. वडीलधारी, शिक्षक, ऑफिसातले लोक यांना सकाळी सात ते दहा. रात्री बारा वाजता फोन वाजला की घरातली म्हातारी माणसं आधी घाबरतात, कारण त्या वेळेचा फोन आपल्याकडे चांगल्या बातमीचा नसतो.

कोणाला फोन करायचा, कोणाला मेसेज आणि कोणासाठी स्टेटस?

आई-वडील, मामा, आत्या, काका, सासू-सासरे, ज्यांच्या हाताखाली शिकलो ते गुरुजी : फोन. तोही पोस्ट टाकण्याआधी. भाच्याने मामासाठी फेसबुकवर मोठा बॅनर टाकला आणि फोन केलाच नाही, तर मामा बॅनरबद्दल चार लोकांना सांगेल, पण फोन आला नाही हे मनात ठेवेल. मित्र आणि सहकाऱ्यांना वैयक्तिक मेसेज पुरतो. स्टेटस हे त्यावरचं, जादाचं. ते चोवीस तासांत जातं आणि ज्याच्यासाठी ठेवलं त्याने पाहिलंच असेल असं नाही. स्टेटस ठेवून शुभेच्छा पोचल्या असं धरू नका.

मेसेजमध्ये नेमकं काय लिहावं?

तीन गोष्टी पुरतात. माणसाला ज्या नावाने हाक मारता ती हाक, त्याच्याबद्दलची एक खरी गोष्ट आणि शुभेच्छा. उदाहरणार्थ :

"आण्णा, वाढदिवसाच्या मनापासून शुभेच्छा. मागच्या उन्हाळ्यात तुमच्या बोअरचं पाणी अर्ध्या गल्लीने प्यायलं. तब्येत सांभाळा."

एवढंच. यातली मधली ओळ दुसऱ्या कोणाला पाठवता येत नाही, म्हणून आण्णा तो मेसेज पुन्हा उघडून वाचतात. पुढे ढकललेल्या दहा ओळींच्या कवितेत कोणाचंच नाव नसतं. बरं, वर 'अनेक वेळा फॉरवर्ड केलेले' असं लिहूनही येतं, म्हणजे समोरच्याला सगळं कळतंच. 'एचबीडी' ही तीन अक्षरं मित्राला चालतात, मोठ्यांना नाही.

नावापुढे काय लावावं : श्री., चि., सौ., कु.?

'चि.' फक्त वयाने लहान असणाऱ्याला. मोठ्या माणसाला आपण चिरंजीव म्हणत नाही.

खरी काळजी 'सौ.' लिहिताना घ्यायची. एकल महिलेला तयार बॅनरमधून 'सौ.' गेलं, किंवा उतरवून घेतलेल्या मजकुरात 'अखंड सौभाग्य लाभो' राहून गेलं, तर त्या दिवसभराचं जे होतं ते कोणत्याही माफीने भरून येत नाही. आपल्या भागात नवरा गमावून शेत, मुलं आणि कर्ज एकटीने सांभाळणाऱ्या बाया गावोगाव आहेत. त्या ग्रुपमध्येही आहेत. म्हणून सरसकट नियम ठेवा : बाईच्या नावाला उपाधी न लावता ताई, आक्का, काकू, वहिनी, मॅडम यांपैकी जी रोजची हाक असेल तीच लिहायची, आणि आशीर्वाद आरोग्याचा, कष्टाला यश येण्याचा, लेकरांच्या सुखाचा द्यायचा. नवऱ्याच्या असण्यानसण्यावर बेतलेला आशीर्वाद वाढदिवसाला लागतच नाही.

'आई तुळजाभवानी आपणास उदंड आयुष्य देवो' हे सगळ्यांना चालतं ना?

ज्याच्या देव्हाऱ्यात तुळजाभवानी आहे त्याला याहून मोठा आशीर्वाद नाही. पण मराठवाड्यात एका गल्लीत पाच तऱ्हेचे नमस्कार असतात. माळकऱ्याला 'राम कृष्ण हरी' म्हटलं की बरं वाटतं. लातूर-नांदेडकडच्या लिंगायत घरात 'शरणु शरणार्थी' आहे. बौद्ध मित्राला 'जय भीम' म्हणून सुरुवात करा. त्याला देवीच्या कृपेचा बॅनर पाठवला तर तुम्ही त्याला नाही, यादीतल्या एका नंबरला शुभेच्छा दिल्या असा त्याचा अर्थ होतो. तांड्यावरच्या मित्राला 'जय सेवालाल' आपलं वाटतं. कुलदैवतही घरागणिक वेगळं : कोणाची माहूरची रेणुका, कोणाची अंबाजोगाईची योगेश्वरी, कोणाचा परळीचा वैजनाथ, कोणाचा औंढ्याचा नागनाथ.

मुस्लिम शेजाऱ्याला 'सालगिरह मुबारक' म्हणता येतं, पण काही घरांत वाढदिवस साजरा करत नाहीत. त्यांनी आधी कधी केक किंवा फोटो टाकलेला नसेल तर जाहीर पोस्ट करू नका, वैयक्तिक मेसेजमध्ये चांगल्या तब्येतीची दुआ द्या.

माहीत नसेल तर काय? समोरचा फोन उचलताना किंवा मेसेज सुरू करताना जे म्हणतो तेच आपण म्हणायचं. तेही लक्षात नसेल तर 'नमस्कार' आणि 'निरोगी, दीर्घायुष्य लाभो' हे सर्वांना चालतं.

कोणत्या शब्दांत चुका जास्त होतात?

'शुभेच्छा' हाच शब्द सगळ्यांत जास्त मोडतो. 'शुभेच्या' होतं, कारण कीबोर्डवर च्छ एका ठिकाणी नाही. आधी च दाबा, मग पाय मोडण्याचं चिन्ह, मग छ. एकदा बरोबर टाइप झाला की कीबोर्ड पुढच्या वेळी स्वतःच सुचवतो. चुकीचा शब्द सुचवायला लागला असेल तर त्या सूचनेवर बोट दाबून धरून तो काढून टाकता येतो. बाकी नेहमीचे : हार्दीक नाही, हार्दिक. अभिष्टचिंतन नाही, अभीष्टचिंतन. दिर्घायुष्य नाही, दीर्घायुष्य. आशिर्वाद नाही, आशीर्वाद. उज्वल नाही, उज्ज्वल. मनपूर्वक नाही, मनःपूर्वक. 'वाढदिवसानिमित्त' हा एकच शब्द, मध्ये जागा सोडायची नाही.

सगळ्यांत आधी नाव तपासा. शुभेच्छेतला ऱ्हस्व-दीर्घ माणूस माफ करतो, स्वतःच्या आडनावातला नाही. व्हॉट्सअॅपवर पाठवलेला मजकूर पंधरा मिनिटांच्या आत दुरुस्त करता येतो.

ऑफिसच्या किंवा शाळेच्या ग्रुपमध्ये शुभेच्छांमुळे कामाचे निरोप हरवतात. काय करावं?

हिशेब करून बघा. २०० जणांचा ग्रुप आहे, प्रत्येक वाढदिवसाला ६० जण शुभेच्छा देतात आणि तो प्रत्येकाला वेगळं 'धन्यवाद' म्हणतो असं धरा. एका वाढदिवसाचे १२० मेसेज, वर्षाचे २४,०००. यात उद्याच्या बैठकीचा किंवा लसीकरणाच्या तारखेचा निरोप सकाळी आठला पडला तर दुपारपर्यंत तो कोणालाच सापडत नाही, आणि मग 'निरोप मिळाला नाही' यावरून बोलणी बसतात ती वेगळीच.

जमणारी पद्धत अशी. अॅडमिनने महिन्याच्या सुरुवातीला त्या महिन्यातले वाढदिवस काढून ठेवायचे, तारखा त्या-त्या माणसाला विचारूनच. वाढदिवसाच्या सकाळी अॅडमिनने एकच शुभेच्छा टाकायची, बाकीच्यांनी त्याच मेसेजवर रिअॅक्शन द्यायची, ज्याचा वाढदिवस आहे त्याने संध्याकाळी एकदाच आभार मानायचे. शब्दांत बोलायचं असेल त्याने वैयक्तिक मेसेज करावा. हा नियम ग्रुपच्या माहितीत लिहून ठेवा. आणि सुरुवात साहेबांच्या वाढदिवसापासून करा. तिथे मोडला तर शिपायाच्या वाढदिवसाला लावता येत नाही, लावूही नये. निव्वळ सूचनांच्या ग्रुपमध्ये 'फक्त अॅडमिन मेसेज पाठवू शकतील' हे सेटिंग लावून शुभेच्छांसाठी वेगळा ग्रुप केलेला बरा.

वाढदिवसाच्या फोटोखाली कोणीतरी 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहिलं. आता?

हे वाटतं तितकं दुर्मीळ नाही. आणि कारण बहुतेक वेळा फोटोच असतो. गळ्यात मोठा हार, मागे समई किंवा करडा रंग, खाली पूर्ण नाव आणि ओळीने शुभेच्छुकांची नावं : छोट्या पडद्यावर शोकसंदेश नेमका असाच दिसतो. एकजण न वाचता श्रद्धांजली लिहितो, मागचे दोघे त्याचं बघून तेच उतरवतात.

फोटो टाकणाऱ्याने हाराचा आणि कृष्णधवल फोटो टाळावा, हसरा रंगीत फोटो घ्यावा आणि 'वाढदिवस' हा शब्द वरच्याच ओळीत, ठळक ठेवावा. ज्याच्याकडून चूक झाली त्याने मेसेज 'सगळ्यांसाठी डिलीट' करावा. व्हॉट्सअॅप त्यासाठी सुमारे अडीच दिवस देतं, अॅडमिनलाही तो काढता येतो. मग लगेच फोन करून चूक कबूल करावी. ग्रुपमध्ये खुलासे देऊ नयेत, त्याने ज्यांना माहीत नव्हतं त्यांनाही कळतं. बाकीच्यांनी त्याचा स्क्रीनशॉट फिरवू नये. त्या घरात एखादी म्हातारी आई असते आणि हा अपशब्द तिच्या फार खोल जातो.

बॅनर करायचा आहे. माप आणि मांडणी कशी ठेवू?

फेसबुक आणि ग्रुपसाठी चौकोनी, १०८० × १०८० पिक्सेल. स्टेटस आणि स्टोरीसाठी उभा, १०८० × १९२०. त्यात वर-खाली साधारण २५० पिक्सेल जागा मोकळी सोडा, नाहीतर नाव झाकलं जातं. फोटो मूळ फाइलमधून घ्या. व्हॉट्सअॅपवरून चारदा फिरलेला फोटो दर वेळी आणखी दबतो आणि चेहरा पुसट होतो. मागवतानाच डॉक्युमेंट म्हणून मागवा. डीटीपीवाल्याने जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर मोबाइलवर चिकटवला तर अक्षरांचा कचरा दिसतो, म्हणून मजकूर युनिकोडमध्येच, म्हणजे मोबाइलवर टाइप होतो तसाच, द्या.

मांडणीत एकच बघा : ज्याचा वाढदिवस त्याचा चेहरा सगळ्यांत मोठा. वर महापुरुष, बाजूला नेते, खाली पंचवीस शुभेच्छुकांचे गोल फोटो आणि मधे वाढदिवसाचा माणूस अंगठ्याएवढा, असे बॅनर रोज दिसतात. खालच्या फोटोंच्या क्रमावरून रुसवे होतात ते वेगळे. नुसतं 'शुभेच्छुक : समस्त मित्रपरिवार' लिहिलं की तो प्रश्नच उरत नाही. 'भावी सरपंच', 'भावी सभापती' हे त्या माणसाला विचारल्याशिवाय लिहू नका. त्याच्या मनात नसलेली निवडणूक तुम्ही त्याच्या गळ्यात घालता आणि गावात त्याचे अर्थ निघतात.

लोक मला पन्नास जणांसोबत टॅग करतात.

फेसबुकच्या सेटिंगमध्ये टॅग आणि टाइमलाइनची तपासणी सुरू करा. मग तुम्ही होकार दिल्याशिवाय पोस्ट तुमच्या प्रोफाइलवर दिसत नाही. आपणही ज्याचा वाढदिवस आहे त्यालाच टॅग करावं.

ज्यांच्या घरी नुकतंच कोणी वारलं आहे त्यांना शुभेच्छा द्याव्यात का?

सुतकात नाही. त्यानंतरही वर्षश्राद्ध होईपर्यंत बरीच घरं सण साधे करतात, म्हणून जाहीर पोस्ट, केकचं चित्र, फुगे हे टाळा. पण गप्पही बसू नका, त्या दिवशी त्या माणसाला एकटं वाटतंच. फोन करा, "आज तुझी आठवण आली म्हणून केला" एवढं म्हणा. 'हॅपी' शब्द नको.

'यंदा वाढदिवस साजरा करणार नाही' अशी पोस्ट टाकली आहे, तरी बॅनर टाकू का?

टाकू नका. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत उभी सोयाबीन पाण्यात गेली, शेतातली माती वाहून गेली. अशा वेळी माणूस नको म्हणतो तेव्हा ते मनापासून असतं. 'हार-तुरे नकोत, वह्या-पेन आणा' असं लिहिलं असेल तर वह्याच न्या, आणि त्या जवळच्या शाळेत पोचवून या. मुलांना रांगेत उभं करून हातात वही धरलेले फोटो टाकू नका. मदत घेताना आपला चेहरा गावभर फिरावा असं कोणत्याही लेकराला वाटत नाही.

लहान मुलांचे वाढदिवसाचे फोटो टाकावेत का?

आई-वडिलांनी ठरवावं, काका-मामांनी विचारून. शाळेचा गणवेश, शाळेचं नाव, घराचा पत्ता आणि पूर्ण जन्मतारीख फोटोत येऊ देऊ नका. आंघोळीचे, उघडे फोटो घरच्या ग्रुपमध्येसुद्धा नकोत. स्टेटस 'फक्त यांनाच दिसेल' मध्ये निवडक माणसांपुरतं ठेवता येतं.

मैत्रिणीचा किंवा महिला सहकाऱ्याचा फोटो स्टेटसला ठेवू का?

आधी विचारा. नको म्हणाली तर कारण मागू नका. फोटोशिवाय शुभेच्छा पूर्णच असतात.

तलवारीने केक कापल्याचा व्हिडिओ मित्राने टाकला आहे. शेअर करायला हरकत आहे का?

हरकत आहे. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ४ व २५ खाली असे गुन्हे आपल्याकडे नोंदवले जातात आणि पोलीस सुरुवात करतात ती व्हायरल व्हिडिओवरूनच. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोराला चारित्र्य पडताळणीत तो गुन्हा आडवा येतो. मित्राला व्हिडिओ काढायला सांगा, आणि पुढच्या वेळी हातात सुरी द्या. तोंडावर मारायचा फेसाचा स्प्रेही पेटत्या मेणबत्तीजवळ नको. त्यातला वायू पेट घेतो आणि चेहरा भाजतो.

आभार कसे मानावेत?

ज्यांनी फोन केला त्यांचे फोनवर मानून झाले. ज्यांनी स्वतः शब्द लिहिले त्यांना नावानिशी उत्तर द्या, दोन दिवस लागले तरी चालेल. उरलेल्यांसाठी एक आभाराची पोस्ट पुरे. व्हॉट्सअॅपच्या ब्रॉडकास्ट यादीत २५६ जण बसतात, पण ज्यांनी तुमचा नंबर जतन केला आहे त्यांनाच तो मेसेज पोचतो. बाकीचे 'साधं धन्यवादही नाही' म्हणतात. पोस्टमध्ये मोठ्या लोकांची नावं घेऊन 'आणि इतर सर्व' लिहू नका. इतर कोणालाच व्हायचं नसतं.

वाढदिवस विसरलो. आता तीन दिवसांनी?

द्या. "उशीर झाला, पण मनापासून" एवढं पुरे. सबब नको. महिना उलटला असेल तर मेसेजऐवजी भेटायला जा.

वारलेल्या मित्राचा वाढदिवस फेसबुक अजून दाखवतं आणि लोक त्याच्या भिंतीवर 'पार्टी कधी?' लिहितात.

त्यांना माहीत नसतं. त्यांना जाहीर उत्तर देऊ नका, वैयक्तिक मेसेज करून कळवा आणि ती ओळ काढायला सांगा. कायमचा उपाय घरच्यांच्या हातात आहे. फेसबुकच्या मदत विभागात खातं स्मृतिखातं करण्याची विनंती करता येते, सोबत मृत्यूचा दाखला जोडावा. मग नावाजवळ 'रिमेंबरिंग' असं येतं आणि वाढदिवसाच्या आठवणीत ते नाव दिसणं थांबतं. जुने फोटो आणि पोस्ट तशाच राहतात. विनंती करण्याआधी घरातल्या सगळ्यांना विचारा. एखाद्या आईला त्या दिवशी लेकाच्या फोटोखाली चार ओळी लिहायच्या असतात, आणि ती लिहीत असेल तर तिला लिहू द्या.